बोंडल्यावरची रेघ

१२ नोव्हेंबर २०२४

अंबाजोगाईच्या डॉक्टरनं सांगितलं, मावशी, पोरीला झटका आला की तारीख लिहून ठिवायची. किती येळ आला, आधी काय झालतं, सगळं लिहायचं. म्हटलं लिहिते, चौथी शिकलेय, त्यात काय. शहादेवनं जाताना वही आणून दिली. आज लिहायला बसले तर झटका काही आला न्हाई. पण वही उघडलीच हाय तर लिहिते.

काल टोळी गेली. शहादेव माझा धाकटा दीर, सुनिता त्याची बायको. दोघं कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेले आन् पोर माझ्याजवळ ठिवून गेले. शिवकन्या. पाच वर्षांची हाय. श्रावणापासून तिला फीट येती.

मी पण पंधरा हंगाम तोडलाय. आमचे मालक गेल्यापासून मला कुणी नेत न्हाई. नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. एकटीला अर्धा कोयता म्हणत्यात, आन् अर्धा कोयता कुणाला पायजे. त्यात माझा गुडघा. बरं झालं. तिथली थंडी तरी चुकली.

ट्रॅक्टरवर चढताना सुद्धा सुनिता माझ्याशी भांडली.

"आक्का, औषध टोपणानंच द्या बरं का. टोपणावर आकडे हायत."

"टोपणानं ती थुंकती. बोंडल्यानं सरळ पोटात जातंय."

"पण माप..."

"माप बोंडल्यावर हाय. मला शिकवू नको. चढ वर, तुझ्यापायी समदे खोळंबलेत."

दहावीला दोनदा बसली म्हणून हिला लई कळतंय. बोंडलं माझं हाय, तान्ह्या लेकराला दूध पाजायचं. पितळी, चिमणीच्या चोचीवाणी नळीचं. माहेराहून आणलं होतं, पडून होतं. दवाखान्यातच मी टोपणानं पाच मिली पाणी मापून त्यात वतलं आन् पाणी आलं तिथं आतून खिळ्यानं रेघ मारली. सकाळी रेघेपर्यंत, सांजच्याला रेघेपर्यंत. ह्यात चुकायला काय हाय.

ट्रॅक्टर दिसंनासा झाला तरी पोर रडली न्हाई. माझा पदर धरून उभी होती.

१९ नोव्हेंबर

सकाळी झटका. चुलीपुढं बसली होती, हातातली भाकर पडली, डोळे वर. हात-पाय ताठ, मग थरथर. मी शंभर आकडे मोजायच्या आत थांबलं. कुशीवर निजवलं, तोंडात काही घातलं न्हाई. शेजारची विमलबाई कांदा फोडून पळत आली, नाकाला लावायला. सिस्टरनं कांदा, चप्पल काही लावायचं न्हाई म्हणून बजावलं होतं. म्हटलं, ने तुझा कांदा, कालवणात घाल. ती रागावून गेली. दुपारी परत आली भाजी घेऊन. तिला करमत न्हाई.

आधी काय झालतं, हे डॉक्टरला पायजे. आधी काहीच झालं न्हाई. आधी ती हसत होती.

४ डिसेंबर

मधी पंधरा दिवस काही न्हाई म्हणून लिहिलं न्हाई.

सुनिताचा फोन रोज येतोय. उसाच्या फडातून, मागं ट्रॅक्टरची घरघर. पोरीला काय खाल्लंस, काय खेळलीस विचारती. पोर एका शब्दात उत्तर देती आन् पळती. मग सुनिता मला विचारती, आक्का, माझी आठवण काढती का? मी म्हटलं, लहान लेकरू हाय, खेळात इसरतंय. खरं तेच सांगितलं. तर फोनच ठिवून दिला. आता खोटं सांगू का हिला?

आज न्हाऊ घालताना पोर मला नुसतं "आई" म्हणली. एरवी मोठी आई म्हणती. बोलायच्या नादात हुतं तसं. मी काही दुरुस्त केलं न्हाई, डोळ्यात साबण गेलता तिच्या.

१३ डिसेंबर

झटका न्हाई. औषध लागू पडलं. थंडी लई. पोर माझ्याच वाकळंत निजती, रातभर लाथा मारती.

२१ डिसेंबर

दवाखान्यातनं दिलेल्या बाटल्या सरल्या. सिरसाळ्याला गेले, वासिफच्या मेडिकलात. बाजाराचा दिवस, ही गर्दी. रिकामी बाटली पुढं केली, म्हटलं ही दे. त्यानं आत-बाहेर केलं.

"मौसी, ही कंपनी येईना झालीय. औषध तेच हाय, दुसऱ्या कंपनीचं हाय."

"तेच हाय ना? मग दे."

"देतो. पण थांबा जरा, ह्याचं माप..."

"माप मला ठाव हाय."

"तसं न्हाई मौसी, कागद आणलाय का डॉक्टरचा? बघून लिहून देतो."

कागद घरी. तेवढ्यात आमच्या गावची जीप हॉर्न वाजवायला लागली. ती गेली म्हणजे पुढची कधी भरंल देव जाणे, पोर विमलबाईजवळ सोडलेली. पैसे टाकले, बाटली पिशवीत घातली, निघाले. तो मागनं मौसी, मौसी वरडत होता. ह्या दुकानदारांना वाटतंय बाईमाणसाला अक्कलच न्हाई.

घरी येऊन दोन्ही बाटल्या शेजारी ठिवून बघितल्या. नाव इंग्रजीत हाय, ते लागलं न्हाई. आकडे वाचता येत्यात. जुनीवर ५ मिलीपुढं ३० हाय, नवीवर ५ मिलीपुढं १२५. बाटली तेवढीच, रंग तसाच गुलाबी. चांगल्या कंपनीचं दिसतंय.

२४ डिसेंबर

नवं औषध पोरीला मानवलं. घरात कशी शांतता हाय. किरकिर न्हाई, हट्ट न्हाई, शेळीच्या मागं पळणं न्हाई. दुपारची पण निजती आता. विमलबाई म्हणली, चतुराबाई, पोरीला वळण लावलंस बाई. म्हटलं मग. आईजवळ लाडावली होती.

२७ डिसेंबर

पोर चालताना तोल जातोय. ओट्यावरनं दोनदा पडली, कपाळाला टेंगूळ. बोलणं जड झालंय, पानी मागती ते तोंडातल्या तोंडात. अंगात ताप न्हाई. अशक्तपणा असंल. शेंगदाण्याचे लाडू केले, अर्धा पण खाल्ला न्हाई. विमलबाईनं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. टाकू दिल्या, त्यानं काही बिघडत न्हाई.

सुनिताचा फोन आला तवा निजलेली होती.

"आक्का, आत्ता? दिस मावळायच्या आत?"

"थंडीची निजली. उठवू का?"

"नको. उठली की लावा फोन."

उठल्यावर लावायचं राहिलं.

३० डिसेंबर

आज येळवस, मार्गशीर्षातली अवस. समदं गाव रानात. मी पण आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे डोक्यावर घेतले आन् पोरीला काखंत. पायी चालंना. कडब्याची कोप केली, पाच पांडव मांडले, पूजा केली. पोरं कोपीभवती आंबील शिंपत वरडत फिरत होती. मागच्या साली शिवकन्या सगळ्यात पुढं होती, घसा बसलता वरडून.

आज कोपीच्या सावलीला निजून राहिली. मी उठवलं, आंबिलीचा पेला तोंडाला लावला. डोळे उघडले तर बुबुळं एका जागी ठरंनात, हलत्या पाण्यातल्या चांदाच्या बिंबागत थरथरत होती. म्हटलं इकडं बघ. बघत होती पण माझ्याकडं न्हाई.

लोक म्हणाले उन्हानं असंल. डिसेंबरात कसलं ऊन. सुनिताचा फोन आला, म्हटलं आज पण निजलीय.

सांजच्याला औषध रेघेपर्यंत दिलं. ते मात्र बिनतक्रार घेती.

३१ डिसेंबर, दवाखाना

सकाळी वकली. मग झटका आला, मोठा. थांबला आन् परत आला. मला वाटलं वकण्यात रातचं औषध पडलं. म्हणून शुद्धीवर आल्या आल्या रेघेपर्यंत दिलं आन् वर अर्धं माप आणखी दिलं.

मग ती उठंना. गाल थोपटले, पाणी मारलं. वरडले, शिवकन्या, शिवे, ए पोरी. मान नुसती लुळी.

गल्लीतल्याच माणसानं जीप काढली. विमलबाई संगं बसली. अंबाजोगाईपर्यंत पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं आन् मी नाकापुढं बोट धरून बसले होते. दर खेपेला वाटायचं, आता वारं लागणार न्हाई. लागायचं.

त्यांनी आत घेतली. नळी लावली. मला भाईर बसवलं.

१ जानेवारी २०२५, दवाखाना

हे लिहायचं का न्हाई. लिहिते.

सकाळी एक सिस्टर आली, आडदांड, माझ्या लेकीच्या वयाची, गंगाखेडकडली. म्हणली, मावशी, कुठलं औषध देता, किती देता, समोर करून दाखवा. मी पिशवीतनं बाटली काढली आन् बोंडलं काढलं. बोंडलं बघून हसली, म्हणली आमच्या आज्जीकडं होतं असलं. म्हटलं हसू नको, रेघ बघ. तांब्यातलं पाणी रेघेपर्यंत वतलं. तिनं बिनसुईच्या सिरिंजनं ते वढून घेतलं आन् उजेडाला धरलं.

बरोबर पाच मिली. थेंबभर इकडं न्हाई का तिकडं न्हाई.

म्हटलं, बघ. माझं माप कधी चुकत न्हाई.

 तिनं बाटली उचलली, फिरवली, बारीक अक्षर वाचलं. मग पलंगाला अडकवलेला कागद वाचला. मग परत बाटली. मग खाली माझ्याजवळ फरशीवर बसली.

"मावशी, कपाशीवर फवारलंय का कधी?"

"फवारलंय म्हणजे? जलम त्यातच गेला."

"एका पंपाला औषध किती टाकता?"

"ते औषधावर हाय. एखादं तीस मिली लागतंय, एखादं पाचच मिली."

"टोपण तेच, पंप तोच. मग एकाचं तीस आन् एकाचं पाच कावून?"

"अगं एक पातळ असतंय, एक कडक असतंय. कडक औषध तीस टाकलं तर कपाशी जळून जाईल, एवढं कळंना का तुला..."

  तिनं बाटलीवरच्या १२५ वर बोट ठिवलं फक्त. मग खिशातला पेन काढून माझ्या तळहातावर लिहिलं. जुन्या बाटलीत पाच मिलीत तीस मिलिग्रॅम. नव्या बाटलीत तेवढ्याच पाच मिलीत एकशे पंचवीस. पोरीला पायजेत तीस. मिली म्हणजे पातळ किती ते. मिलिग्रॅम म्हणजे त्यात औषध किती ते. तिसाला नवं औषध किती लागंल, तर एक मिली आन् वर दोन बारीक रेघा.

एक आन् दोन रेघा. मी पाच देत होते. वर अडीच.

बोंडलं पुसून परत पिशवीत घातलं. हात धुतला न्हाई, ते आकडे पुसतील म्हणून.

१ जानेवारी, दुपार

डॉक्टर म्हणाले औषध काही दिवस बंद. रक्तातलं उतरू द्यायचं. उतरताना परत झटका येऊ शकतो म्हणून इथंच ठिवायचं. म्हटलं वाचंल का. म्हणाले, मावशी, येळेवर आणलीत. हो पण म्हणाले न्हाईत, न्हाई पण म्हणाले न्हाईत.

विमलबाई कानाला लागली. "सुनिताला ताप आलता म्हण. मेंदूत ताप गेला म्हण. कोण इचारतंय? आईची जात हाय चतुराबाई, पोरगी तुझ्या दारात परत येऊ देणार न्हाई ती."

म्हटलं गप बस.

फोन लावला. सुनितानं उचलला आन् पहिलंच म्हणली, "उठली का शिवी?"

म्हटलं, "ऐक. मधी बोलू नको. पोरीला अंबाजोगाईला आणलंय. औषध जास्त गेलं. माझ्या हातानं गेलं. नवी बाटली कडक होती, मी जुन्याच मापानं दिली. इतके दिवस देत होते. आता बेशुद्धच हाय, पण श्वास नीट हाय. हे असं हाय."

 ऊस तोडल्याचा आवाज येत होता, कुणीतरी जवळच तोडत होतं. सप, सप. मग फोन बंद झाला.

३ जानेवारी

काल रातच्या गाडीनं निघून आज सकाळी सुनिता आली. शहादेव न्हाई आला, मुकादमानं दोघांना सोडलं न्हाई. पायात फडातलीच चप्पल, हाताला उसाच्या पाचटाचे चिरे. माझ्याकडं बघितलं न्हाई. पोरीच्या उशाला बसली, तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, कपाळावरच्या टेंगळावर बोट थांबलं.

पोरीनं आज डोळे उघडलेत. पण कोण आलंय ते कळल्यासारखं दिसलं न्हाई.

मग म्हणली, "आक्का, बोंडलं दाखवा."

दिलं. आत बघितलं, रेघेवर नख फिरवलं. "माप तर बरोबर हाय."

"माप बरोबर हाय."

"वासिफ काही बोलला न्हाई का देताना?"

"बोलत होता. माप येगळं हाय, थांबा म्हणत होता. मी थांबले न्हाई. जीप चालली होती."

"जीप," सुनिता म्हणली.

एवढंच. शिव्या देईल वाटलं होतं, केस धरंल वाटलं होतं. मी तयार होते त्याला. ती नुसतं जीप म्हणली आन् बोंडलं माझ्या हातात परत दिलं. 

५ जानेवारी

आज पोर "पानी" म्हणली. नीट म्हणली. दोघी एकदम उठलो, तांब्या दोघींनी धरला, निम्मं पाणी गादीवर.

तिनं पाणी पिलं आन् हात केला. सुनिताकडं केला. सुनितानं उचलली. आई म्हणली तिला. बरं झालं, वळखती म्हणजे डोकं ठिकाणावर आलं. मी भाईर जाऊन चहा पिऊन आले. चहात काही दम नव्हता.

८ जानेवारी

डोळे ठरले. भिंतीला धरून चालती. आजपासून औषध परत चालू, कडकच हाय पण थोडं. जुनं कुठंच मिळंना.

सिस्टरनं आम्हाला दोघींना समोर बसवलं. सिरिंज दिली. नुसत्या पाण्यावर दहा दहा येळा करायला लावलं. आधी बाटली हलवायची, जोरात, बुडाला औषध बसतंय म्हणून. मी इतके दिवस हलवतच नव्हते. देवघरापुढं विरजणागत ठिवली होती, हलू नये म्हणून. मग वढायचं, बुडबुडा काढायचा, डोळ्यासमोर धरून रेघ बघायची. वरून न्हाई, खालून न्हाई.

"आम्ही इथं दोघींनी बघितल्याबिगर लेकराला औषध देत न्हाई," सिस्टर म्हणली. "एक मापती, दुसरी बघती. माणूस स्वतःची चूक स्वतः बघत न्हाई."

सांजच्याला खरं औषध सुनितानं वढलं. दोनदा परत बाटलीत सोडून तिसऱ्यांदा भरलं. मी लांब उभी होते. आता ह्यात माझं काय काम. तर सिरिंज माझ्यापुढं धरली.

"बघा बरं, आक्का. बरोबर हाय का?"

एक, आन् वर दोन.

"बरोबर," म्हटलं. 

१२ जानेवारी

घरी आलो. मी पोरीचे कपडे धुऊन, घडी घालून पिशवीत भरले. स्वेटर, टोपी, तिची बाहुली. सुनिता उद्या निघणार, उशीर झाला तर टोळीत बोंब. पोरीला नेणार हे उघड हाय. मी तरी ठिवली असती का कुणाजवळ असं झाल्यावर? भरताना काही वाटलं न्हाई. बोंडलं चिंचेनं घासलं, ती रेघ काही जाईना, मग शिंकाळ्यात टाकून दिलं.

सुनितानं पिशवी बघितली.

"हे काय?"

"तिचे कपडे. टोपी वरच ठिवलीय, ट्रॅक्टरवर वारं लागंल."

"मी कुठं नेतेय तिला? पालाच्या कोपीत थंडी, धूर. रातबेरात झटका आला तर दवाखाना कुठं शोधू मी तिकडं?"

"मग कुणाजवळ ठिवतीस?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच येडी. मग पिशवीतले कपडे काढून परत फळीवर ठिवले. म्हणली, "पण आक्का, एक हाय. सकाळ-सांजच्याला सिरिंज भरली की फोनवर मला दाखवायची. तोंड दिसतंय तसला फोन. मी बघितल्यावर द्यायचं."

म्हणजे पोर ठिवती पण पहारा बसवून. ठीक हाय. माझ्या कर्माला आलंय, सोसते.

१४ जानेवारी

संक्रांत. सिरसाळ्याला वासिफकडं गेले, सिरिंजा आणायला. मला बघून पोरगं काउंटरमागनं भाईर आलं.

"मौसी, मी पळत यायला पायजे होतं जीपमागं."

"मग पळायला काय झालतं?"

"दुकानात गिऱ्हाईक होतं."

"आन् मला जीप होती." तिळगूळ हातावर ठिवला त्याच्या. बाटलीच्या खोक्यावर त्यानं लाल पेनानं हे मोठ्ठं लिहून दिलं. एक मिली, दोन रेघा. मी तिथंच उभी राहिले, तो लिहून, वाचून होईपर्यंत. जीप भरून गेली. दुसरी आली.

२३ जानेवारी

झटका न्हाई. पोर शेळीच्या मागं पळती, आज तिची शिंगं धरून बसायला बघत होती. मार दिला. मग लाडू दिला.

सुनिताचा पहारा चालू हाय. फोन लावायचा, सिरिंज धरायची, ती म्हणती बरोबर. मग मी देते. तेवढ्यावर ठिवायचा ना फोन? न्हाई. पोरगी काय करती, तुमचा गुडघा कसा हाय, जेवल्या का, काय कालवण केलंय. काल म्हणली, आक्का, फोन जरा तसाच राहू द्या, चुलीकडं तोंड करून, तुमी भाकरी करा. मी भाकरी केल्या, ती तिकडं कोपीत बसून बघत होती. बोलत पण नव्हती. उगं बॅटरी जाळती.

पोर आता सिरिंजनं घेत न्हाई, तोंड फिरवती. बोंडल्यानंच दे म्हणती. सुनिताला विचारलं. म्हणली, मापायचं सिरिंजनं, पाजा कशानं पण. शिंकाळ्यातनं काढलं परत.

३० जानेवारी

आज सांजच्याला गावात फोनच लागंना. टॉवरला काय झालं कुणास ठाव. औषध भरून ठिवलं होतं, एक आन् वर दोन. एकदा लागला, आवाज आला, चित्र येईना.

"आक्का, नुसतं काळं दिसतंय."

"थांब, वट्यावर येते."

वट्यावर न्हाई, गल्लीत न्हाई. मग एका हातात सिरिंज उभी धरली, तिच्या तोंडाला बूच लावलं, दुसऱ्या हातात पोर, फोन कमरेला खोचला, बोंडलं पदराला बांधलं आन् खंडोबाच्या टेकडीवर निघाले. विमलबाईनं हटकलं, अगं गुडघ्याचं काय, रोजचंच तर माप हाय, दे की पाजून. म्हटलं तू तुझं बघ.

निम्म्या टेकडीवर परत लागला. परत आवाजच.

"आक्का, दिसंना. राहू द्या. तुमीच सांगा किती हाय?"

"एक, वर दोन."

"मग द्या."

"तू बघितल्याबिगर न्हाई."

"अहो मी म्हणते ना द्या. तुमी भरलंय ना? मग झालं. किती चढताल त्या पायानं."

म्हटलं, "न्हाई. थांब."

वर देवळाच्या पायरीवर बसले. गुडघा आग करत होता. पोर म्हणली, मोठी आई, दे की, मला झोप आली. झोप म्हणल्यावर फोनचा उजेड तिच्या तोंडावर धरला. डोळे बघितले तिचे. ठरलेले होते, मला बघत होते. म्हटलं, थांब पोरी, आईला बघू दे. फोनवर ते गोल गोल फिरत राहिलं. कुणाला बोलावं? बसून राहिले. खालनं शेवटची जीप गेली, तिचा दिवा वळणावर दिसंनासा झाला.

मग चित्र आलं. सुनिता उसाच्या मोळीवर बसली होती, तोंडाला फडकं, फक्त डोळे. सिरिंज डोळ्यासमोर धरली.

तिनं लई येळ बघितलं. सिरिंजकडंच बघत होती का कुणास ठाव.

"बरोबर," म्हणली.

मग बोंडल्यात सोडलं. औषध रेघेच्या लई खाली राहिलं, पार तळाला. तेवढंच असतंय. पोरीनं चोच तोंडात धरली आन् गिळलं.

झटका न्हाई.